आधी आमिसाचं ऐका

— आमिस व्हय? आता आमिसाचं कसं हाय पाव्हणं, तळं तेच, गळ तोच, पर म्हैना बदलला की आमिस बदलतं. बसा की हितं उंबराच्या सावलीला. पाय दुखतुया तुमचा, दिसतंय मला. घाई कसली? ह्या ज्येष्ठात मासळीला सुदिक घाई न्हाई. पानी बघा कुटं गेलंय — त्या पायऱ्यांपास्नं पार खाली. वर कढत, बुडाला गार. मासा बुडाशी जाऊन बसतो तोंड मिटून, मग तुमी पुरनपोळी टाका, हलायचा न्हाई. मग काय करायचं? उजाडायच्या आत यायचं, लव्हाळ्याच्या कडंला बसायचं, आन् गळाला झिंगा लावायचा — जित्ता. मेलेल्या झिंग्याला वाम हुंगत सुदिक न्हाई. ती बघा, पल्याड चिखलात, पदर खोचून टोपलीनं झिंगंच धरतीया. माजी सून, बायडाबाई. — न्हाई न्हाई, तिला हाक कशापायी मारता? काम करू द्या तिला. मला इचारा की. ह्या तळ्याचा बांध घातला तवा म्या दगड वाहिलाय, तवापास्नं हितंच हाय मी. हितलं पानी नळानं पुण्याला जातं, पेठेतल्या हौदात. तिथली मानसं म्हनत्यात, दत्तोबा, तुमच्या कात्रजच्या पान्याला मासळीचा वास येतो. आता तळ्याच्या पान्याला मासळीचा न्हाई तर काय केवड्याचा वास यील?

पाऊस लागला की निराळं. डोंगरावरनं लाल पानी उतरतं, मासळीला फुडचं दिसत न्हाई. मग ती वासावर चालती. तवा काडू लावायचा — गांडूळ वो, आमी काडू म्हनतो — उकिरड्याखालचा, तांबडा, वळवळता. भादव्यात पानी निवळलं की काडू बंद, मग जोंधळ्याच्या पिठाची गोळी. सोनबा, माजा ल्योक, त्यो त्या गोळीत हिंग घालायचा. त्याची आई हुती तवा वरडायची, मेल्या, आमच्या कालवनाला हिंग न्हाई आन् तू मासळीला घाल! पर शिंगटा यायचा बघा त्या हिंगाला, लांबनं यायचा. अजून कुनी घालत न्हाई तसा. त्योच घालायचा — घालायचा न्हवं, घालतो. घालतो म्हनायचं.

तुमी काय म्हनत हुता? — ऱ्हाऊ द्या, आधी थंडीचं ऐका. थंडीत मासा खातो कमी, तवा आमिस बारीक पायजे, करंगळीच्या नखाएवढं. आन् हात दमाचा पायजे. दोरीला मोरपिसाचा देठ बांधायचा, त्यो पान्यावर उभा ऱ्हातो. मासा हिसका देत न्हाई थंडीत, नुसता देठ जरा कलतो, झोपाळू मानसाची मान कलती तसा. मला दिसत न्हाई आता त्यो देठ. बायडा शेजारी बसून सांगती, मामंजी, कलला, वढा. मी वढतो. लोक म्हनत्यात, म्हाताऱ्याची नजर काय पर हाय! मी कशाला सांगतो कुनाची हाय ती? आन् मरळ धरायची तर बेडकी लावायची, बारकी, पाठीतनं गळ घालून, जित्ती. पर मिरगात मरळ धरायची न्हाई. का? तवा तिची पिल्लं असत्यात, तांबड्या मुंग्यांवानी घोळका पान्यावर, आन् त्याच्याखाली बाप राखन करत फिरतो. काय बी टाका म्होरं, त्यो तोंड घालतो — भुकंनं न्हवं, पिल्लांजवळ कुनी आलं म्हनून. लई सोपा असतो धराया. म्हनून धरायचा न्हाई.

— बोलू नगा. थांबा. मला ठावं हाय तुमी बोलनार हाय ते.

तुमी आला, पानी मागितलं, वंजळ वर केली आन् शाल घसरली, तवाच म्या बघितला तुमचा खांदा. असला घट्टा लाकूडवाल्याला पडत न्हाई, पोतंवाल्याला पडत न्हाई. त्यो पालखीच्या दांड्याचा घट्टा. माज्या खांद्यावर बी हाय, आमी भोई लोक, मासं धरायचं न्हाई तर पालखी उचलायची. आन् आमिस इचारनारा मानूस, संगट ना गळ, ना दोरी! म्हातारा हाय मी, खुळा न्हाई. सोनबाच्या जोडीचं तुमी, व्हय ना? कर्नाटकच्या स्वारीवर एकाच दांड्याखाली — नगा. मान हलवू नगा. हूं सुदिक म्हनू नगा.

वैशाखात फौज घाट उतरली ती ह्याच वाटंनं. घोडी गेली, उंटं गेली, पालख्या गेल्या. म्या वाटंच्या कडंला हुबा ऱ्हाऊन एकेका भोयाच्या तोंडाकडं बघितलं. इचारलं. कुनी म्हनलं, मागं हाय. कुनी म्हनलं, नदीच्या पल्याड तापानं पडला हुता, पर उठला असंल. कुनी खाली बघून गेलं. तुमी त्यातलं का? असाल, असाल. राग न्हाई माजा. वझं खांद्यावर असताना कोन थांबतंय?

बायडाचा बाप गेनबा, वारज्याचा. सारखा येतो. भला मानूस, वरडत न्हाई, भांडत न्हाई, नुसता बसून ऱ्हातो हितं तुमी बसलाय तसा. म्हनतो, दत्तोबा, पोर माजी अजून कवळी हाय, पदरी मूल न्हाई. कायतरी कळू द्या. बरं कळलं तर देव पावला. वाईट कळलं तर दुसऱ्या घरी पाट लावतो तिचा, पंच तयार हायत. पर अशी अधांतरी कुठवर ठिवायची? खरं हाय त्याचं. मी काय सांगतो? मी सांगतो, खबर न्हाई. आन् ते बी खरंच की! — सकाळपतूर खरं हुतं. तुमी बांधावर पाय ठिवलासा तवापतूर खरं हुतं.

तुमाला वाटंल, म्हातारा भाकरीसाठी धरून ठिवतोय पोरीला. भाकरी कुनीबी घालंल वो, जातीतली मानसं हायत. पर सांजच्याला चुलीम्होरं मी म्हनतो, सोनबा पिठात हिंग घालतो, आन् ती म्हनती, व्हय मामंजी, लई घालत्यात. ती गेल्यावर मी म्हनंन, आन् मग? मग व्हय कोन म्हनंल?

असं करा पाव्हणं. ती आली की सांगा, आमिसाचं इचाराया आलतो. दोन वामा देतो पानात बांधून, ऊन चढायच्या आत वाटंला लागा. तुमी काय बोलला न्हाई, म्या काय ऐकलं न्हाई. कुनाचं काय बिघडतंय? — काय? सबूद? कुनाला दिलासा सबूद? — त्याला?

शुद्धीत हुता? — तोंडानं म्हनला? — काय म्हनला, बायडाला सांगा?

बायडाला.

आन् मला? आठवा जरा. मला कायबी न्हाई? — न्हाई. बरं. बरं, बरं. तरनं मानूस, बायकोचीच आठवन करनार, बापाची कशाला करंल? आमीबी तरनं हुतो. तुमी कशाला डोळं पुसता? तुमचा काय गुन्हा हाय ह्यात? तुमी आला तरी, लंगडत का हुईना. बाकीच्यांची तर वाट हितनंच गेली.

आली. चिखलातनं कशी भराभरा येतीया बघा, तिला वाटलं गिऱ्हाईक हाय. — ये गं. टोपली ठिव खाली. पान्यात ठिव, झिंगं मरत्याल. काय न्हाई, हे पाव्हणं आलेत. आमिसाचं इचाराया. म्या सांगत हुतो त्येंना, ज्येष्ठात मासा बुडाला बसतो, मग झिंगा लावायचा, आन् पाऊस लागला की — पाऊस लागला की काडू, आन् भादव्यात — भादव्यात पिठाची —

बस, बायडे. हात ऱ्हाऊ दे तसंच चिखलाचं. खाली बस पोरी, माज्याजवळ बस.

बोला पाव्हणं. तिला सांगा. मी आता मधी बोलत न्हाई.