तिघींची दुर्बीण

नाही, हीसुद्धा नको. ठेवा ती. पाचवी ना ही? सहावी? — बघा, सहा दुर्बिणी दाखवल्यात आणि सहाच्या सहा धुरकट. रागावू नका हं भाऊ, तुमच्या मालाला नावं ठेवायला नाही आले, घ्यायलाच आलेय. पण मी एकोणतीस वर्षं कापडगिरणीत तपासणी खात्यात काढलीत — समोरून कापड सरकत जायचं, मागे दिवा, आणि त्या पळत्या कापडात एक धागा जरी तुटलेला असला तरी माझा अंगठा आपोआप बटणावर. मशीन बंद! सगळं खातं म्हणायचं, हिच्या नजरेखालून मुंगी गेली तर ही तिचे पाय मोजून मगच सोडेल. तेव्हा काच स्वच्छ आहे की नाही हे मला नका सांगू. आणि त्या बाईंना आधी बघा ना, केव्हाच्या उभ्या आहेत बिचाऱ्या, तोंडावरचं हसू ढळलं नाही अजून — काय? पुठ्ठ्याच्या? चष्म्याची जाहिरात! घ्या. आणि मी मघाशी त्यांना ‘तुम्ही बसा ना’ म्हटलं. हल्ली काय हुबेहूब करतात हो, चांगल्या माणसाची फसगत.

तर काय म्हणत होते — आफ्रिका! अहो, मी रोज सकाळी दात घासताना एकदा मोठ्यानं म्हणते. आफ्रिका! तोंडात फेस असला तरी म्हणते. अकरा आठवडे राहिलेत. आम्ही तिघी जावा, मी मोठी, मग मधली, मग धाकटी. तीन भावांच्या तीन बायका, एकाच जिन्यावर तीन दारं, एकीनं शिंकलं की दुसरी ‘काय गं’ म्हणते. खूळ आणलं धाकटीनं. दाताच्या दवाखान्यात बसली होती, तिथल्या मासिकात एक फोटो — जिराफ पाणी पितोय. बघितलाय कधी? एवढा उंच प्राणी, पण पाणी प्यायचं तर पुढचे दोन्ही पाय असे फाकवतो, की आता पडतोय का मग पडतोय. धाकटीनं ते पान फाडून आणलं — चोरलंच म्हणा ना — आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात त्याच्याकडे बघून अशा हसलो, अशा हसलो! मधली म्हणाली, ‘ताई, एवढी मान देऊन काय उपयोग, शेवटी वाकावं लागतंच.’ आणि मग कोणीतरी म्हणालं, जाऊ या. कोण म्हणालं ते आजवर कळलेलं नाही. प्रत्येकीला वाटतं आपणच.

घरच्यांचं काय विचारता! दोन्ही दीर हसले. आमचे हे नाही हसले. हे म्हणजे कमी बोलणार, पण बोलले की पाचर. म्हणाले, जाल तर तिघी. एकीचंही काही दुखलं-खुपलं तर तिघींचं रद्द, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! भाऊ, लग्न झाल्यापासून मी हे ऐकतेय. आमच्या घरात पुढचं वर्ष नावाची एक खोली आहे, तिच्यात समुद्र आहे, बर्फ आहे, विमान आहे, सगळं कुलपात. किल्ली ह्यांच्याकडे. मी म्हटलं, ठीक आहे, तिघी म्हणजे तिघी. आता आमच्यातली एक जरी पडली तरी तिला काखेत घालून नेऊ, पण ह्या वर्षीच.

आणि तयारी म्हणाल तर — तुम्ही बसा, उभे राहून ऐकण्यासारखी नाही ती. आधी कपडे. तिकडे एक माशी असते, ती निळ्या-काळ्या रंगावर तुटून पडते, आणि चावते तीही कापडातून. धाकटीचं कपाट उघडलं — सगळं निळं! आकाश ठेवलंय की काय घड्या घालून. मग मधलीनं तिघींना मातकट रंगाचे शर्ट-पॅंट शिवले, खिसेच खिसे, एका पॅंटला आठ. रविवारी घालून जिन्यात उभ्या राहिलो तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं आणि म्हणाले, ‘मीटर आत आहे, चपला काढून या.’ गेलो की आम्ही! मधलीनं आकडा लिहून घेतला, आभार मानले, बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो, उठवेना हसून.

मग बॅग. कडक बॅग चालत नाही, चाकाची नाही, मऊच पाहिजे, पंधरा किलोच्या आत — आतल्या रानात जायला छोटं विमान असतं, बाराच माणसांचं, त्याच्या पोटात कोंबायला. बॅग वजनकाट्यावर ठेवली की काट्याचा आकडा झाकला जातो. तर बॅग हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं — धाकटी आपलं वजन सांगेना! मेली तरी सांगणार नाही म्हणाली. शेवटी बॅग काट्यावर आडवी ठेवली, मधलीनं एक कोपरा उचलून धरला आणि मी वाकून आकडा वाचला. बारा! टाळ्या वाजवल्या मी. मधली खाली वाकली, म्हणाली, ‘ताई, सतरा आहे.’ आता सांगा, वरून बघितलं की कोन बदलतो की नाही? बाराच होते. तरी तिनं माझा फ्लास्क काढला.

आणि गप्प बसायचा सराव! हसू नका. जीपमध्ये तोंडातून शब्द काढायचा नसतो, सिंह दहा हातांवर असला तर काय ‘अगंबाई’ म्हणणार? तीन तास गच्चीत तीन खुर्च्या मांडून बसायचं, बोलायचं नाही, उठायचं नाही, ‘त्या’ कारणासाठीसुद्धा नाही — जीपमधून उतरू देत नाहीत. ज्याला आधी दिसेल त्यानं फक्त बोट वर करायचं. कामं वाटून घेतलीत आम्ही. मधलीकडे औषधं आणि याद्या, धाकटीकडे कॅमेरा आणि इंग्रजी, आणि माझ्याकडे — नजर. शोधायचं काम माझं. वाटाड्या असतो हो, पण वाटाड्याच्या आधी ताईचं बोट वर गेलं पाहिजे, असं दोघींनी ठरवलंय. म्हणून तर दुर्बीण घ्यायला मी.

मागच्या रविवारी तळ्यावर गेलो सरावाला, गावाबाहेर, भल्या सकाळी. मी बसल्या बसल्या बोट वर केलं. बगळा! पांढराशुभ्र, पलीकडच्या काठावर, एका पायावर. अर्धा तास बघत होते, काय चिकाटी त्याची, जागचा हलला नाही. मान तेवढी हलवायचा. दोघी काही बोलेनात. मला वाटलं, शिस्त पाळतायत. शेवटी धाकटी हळूच म्हणाली, ‘ताई, पिशवी आहे ती.’ पिशवी कधी मान हलवते का? — हो, वारा होता. वारा होता खरा. पण ऊन डोळ्यावर होतं ना! उन्हात कोणाचंही होतं. आणि तुमच्या त्या नव्या रस्त्यावरच्या दिव्यांचं काय, संध्याकाळी बघा, एकेक दिवा असा पसरतो फुलासारखा, काही माप आहे का उजेडाला? सुयांची भोकंसुद्धा हल्ली बारीक करायला लागलेत. तक्रार कोणाकडे करायची? कोणी ऐकत नाही. सगळ्या वस्तूंचा दर्जाच गेलाय, त्यात तुमच्या दुर्बिणी.

डावा डोळा मिटू? कशाला? दोन डोळ्यांची दुर्बीण आणि एका डोळ्यानं काय बघायचं? — बरं. मिटला. दिसतंय की. उजेड दिसतोय. उजेड चांगला आहे हिचा. आता उजवा — हां, हे जरा… ही त्यातल्या त्यात बरी. म्हणजे डाव्या नळीची काच चांगली, उजवीची खराब. बघा, मी म्हटलं नव्हतं?

एक सांगू? कोणाला बोलू नका हं. मधलीचा गुडघा गेलाय. घरी पत्ता नाही. जिना चढताना ती मध्येच थांबते आणि मी मोठ्यानं म्हणते, ‘अगं थांब, मला दम लागला.’ म्हणजे थांबतो आम्ही माझ्यामुळे! आणि धाकटीला विमानाची इतकी भीती, की टीव्हीवर विमान उतरताना दाखवलं तरी उशी कवटाळते. तिला मी रोज पाळण्यावर बसवते, समोरच्या बागेत, मुलं शाळेत गेली की, आणि मागून झोके देते — डोळे मिट आणि म्हण, आफ्रिका. परवा माळी आला, म्हणाला बाई, बारा वर्षांखालच्यांसाठी आहे. मी म्हटलं, हिला उंचीला घाबरण्यात अजून बारा पूर्ण व्हायचीत! तर असं आहे. दोघींना सांभाळून नेतेय मी. मोठी म्हटल्यावर करावंच लागतं. माझंच काही नाही, देवाच्या दयेनं, मी ठणठणीत.

समोरचा बोर्ड वाचू? एवढंच ना! द्या इकडे. ‘शिवणयंत्र दुरुस्त करून मिळेल’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘सुटे भाग’. घ्या! दुर्बिणीशिवायसुद्धा वाचून दाखवीन, रोज जाते मी ह्या रस्त्यानं —

काय?

कधी बंद झालं? आता काय आहे तिथे — केस कापायचं? दोन महिने? नाही, असं कसं, मी परवासुद्धा… पिवळा बोर्ड होता ना? हा निळा आहे?

अहो, तुम्ही दुर्बीण विकताय की माझी परीक्षा घेताय? मी गिऱ्हाईक आहे! माझ्या नजरेवर बोट ठेवायचं काम नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून एक वार खराब कापड बाहेर गेलं नाही — एकच. एकदाच. सुटायच्या वर्षी. चाळीस मीटरचं ठाण परत आलं, आडवा धागा गायब, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आंधळ्यालाही बोटानं कळला असता. त्यावर माझा शिक्का. साहेब चांगला माणूस हो, नुसतं ठाण टेबलावर पसरलं आणि दिवा लावला. आणि मी बघत होते, भाऊ. दिवा लावलेला, नाक कापडाला टेकलेलं, आणि मला ते कापड चांगलंच दिसत होतं. मी राजीनामा दिला दुसऱ्या दिवशी. घरी सांगितलं, कंबर दुखते. चार वर्षं झाली, अजून कंबरेला हात लावून उठते, सवय लागलीय.

नाही, दाखवलं नाही कोणाला. दाखवलं की डॉक्टर म्हणणार ऑपरेशन, ऑपरेशन म्हटलं की हे म्हणणार पुढच्या वर्षी, आणि माझ्या एकीपायी त्या दोघींचं… मधलीचा गुडघा अजून एक वर्ष टिकणार नाही. ते मला दिसतं. ते बरं दिसतं. मला काय, मी नुसती जीपमध्ये बसेन की. वास येतो ना प्राण्यांचा? आवाज येतो. धाकटी सांगेल कानात, डावीकडे हत्ती आहे ताई, मी बोट वर करीन. काय बिघडलं? तुम्ही ती बरी आहे ती दुर्बीण बांधा आणि मोकळी करा मला.

खणात काय शोधताय? दुर्बीण इथे आहे.

चिठ्ठी? माझ्यासाठी? कोण आल्या होत्या? मंगळवारी? दोघी? — एक लंगडत होती म्हणता. म्हणजे जिना नसतानाही लंगडते आता. आणि मला म्हणाल्या भाजी आणायला चाललोय! तरीच मधली सारखी, ‘ताई, ह्याच दुकानात जा, माणूस माहितीतला आहे.’ माहितीतला! अहो, तुम्ही सहा दुर्बिणी काढून दाखवल्यात, सगळं माहीत असून? तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही तुमची. आणि मी त्यांचे गुडघे झाकतेय, झोके देतेय! मला न विचारता डॉक्टरांची वेळ ठरवली? माझा डोळा, आणि सभा त्या दोघींची?

आणि घरी काय सांगायचं, तेही ठरलंय? — तंबूत झोपायचा सराव. मधलीच्या मावशीच्या अंगणात. चार दिवस. आणि नंतर काळा चष्मा कशाला म्हणून कोणी विचारलं तर? — आफ्रिकेच्या उन्हाचा सराव! अरे देवा. हे धाकटीचं डोकं. आणि ह्यांना ते पटेलही हो, मीटर वाचून आलेल्या बायका आम्ही, आमचं काहीही पटतं आता. थांबा, हसवू नका, मी रागावलेय. मी खरंच रागावलेय. पहिला डोळा तीन आठवड्यांनी, दुसरा त्यानंतर आणखी तीन? बोटावर मोजते… तरी पाच राहतात. पाच आठवडे उरतात, भाऊ! डॉक्टर म्हणाले चालेल? त्यांनी विचारलं? सगळं विचारलं?

द्या ती चिठ्ठी इकडे. कुठला वार लिहिलाय, किती वाजता, उपाशी यायचं की खाऊन… दिव्याखाली धरते. हां. इथे मधलीचं अक्षर आहे, तिचं गोल असतं, आणि इथे…

घ्या. वाचा तुम्ही.

वाचा ना. मला दिसत नाही.