पाळकसाहेबांची सुट्टी

पप्पांना एकदा सुट्टी मिळाली होती, ते सांगते. तेव्हा ते नेरला चर्चचे पाळक होते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आज या गावात मयत, उद्या त्या गावात सांत्वन, असं करत ते इतके थकले, की एका दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणता म्हणता मधेच थांबले. शब्दच आठवेनात. मग बिशपसाहेबांनी लेखी कळवलं, तीन महिने पूर्ण विश्रांती.

ते पत्र घेऊन चर्चचे पंच घरी आले. सगळे साठीच्या पुढचे.

"आराम करा पाळकसाहेब," सायमनकाका म्हणाले. "फक्त रविवारची उपासना तेवढी पाहा."

"आन् बुधवारची प्रार्थना," मास्तर म्हणाले. "आन् कोणी गेलं तं मंग जाच लागते."

मी विचारलं, "मग आराम कधी करायचा, काका?"

"बाकीचा सारा वेळ आरामच हाये ना, बेटा!"

"उपासना आई घेईल की. नाहीतरी उपदेश तीच लिहून देते."

सगळ्यांनी एकदम आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. पप्पांनीसुद्धा.

"कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय वं तुले?" मास्तर म्हणाले.

शेवटी पंचांनी ठराव केला. पाळकसाहेबांना विश्रांती लाभावी म्हणून शुक्रवारी तीन तासांची खास प्रार्थनासभा.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

सायमनकाकांना माझ्या प्रश्नाचं नवलच वाटलं. "कोण म्हंजे? पाळकसाहेब! थकलेल्या माणसासाठी प्रार्थना कराव तं त्याईनंच."