भागीमावशींचं संमतीपत्र

— नको, पाणी पुरे मावशी, चहा खरंच नको, तुम्ही तुमची गाठोडी बांधा, मी बोलते, तुम्ही नुसतं ऐका. प्रियंका आत आहे ना? नाही, तिच्या चपला दिसल्या दारात, म्हणून विचारलं. बाहेर नाही येणार? बरं. राहू दे, बोलवू नका. मला तुमच्याशीच बोलायचं होतं — म्हणजे तिच्याशीही होतं, पण ती फोन उचलत नाही, मग म्हटलं आपणच जावं. बोईसरहून मनोरला आले, तिथनं एका इको गाडीत दाटीवाटीनं बसून त्या फाट्यापर्यंत, पुढे चालत. ओळखलंत ना मला? उत्कर्षा. दिवाळीआधी आलो होतो बघा, मी आणि तो चष्मेवाला निमेश, प्रियंकाच्या वर्गातले. तुम्ही आम्हाला मीठ लावून काकड्या दिल्यात. निमेशनं चार खाल्ल्या. एवढीशीही लाज नाही त्याला.

तर तेव्हा आलो होतो ते प्रकल्पासाठी. शेवटच्या वर्षाला तिघांनी मिळून एक विषय घ्यायचा, लोकांशी बोलायचं, लिहून काढायचं, मग मार्क. आमचा विषय काय? 'समाजमाध्यमांचा जबाबदार वापर'. म्हणजे हा मोबाईल आहे ना, यावर काय टाकावं, काय टाकू नये, दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये — हो. माहितीये मला. थांबा हं, निमेशचा मेसेज आला. काही नाही, त्याला सवय आहे, दर पाच मिनिटांनी विचारतो.

त्या दिवशी इथेच बसलो होतो आपण, याच ओट्यावर. प्रियंका आत चहा करत होती. निमेशनं मोबाईल धरला आणि मी विचारलं, मावशी, फोनवर कुणी ओटीपी मागितला, म्हणजे बँकेचा तो आकडा येतो ना, तो मागितला, तर काय कराल? प्रश्न साधा होता. आणि तुम्ही म्हणालात — मला शब्दन् शब्द पाठ आहे, इतक्यांदा ऐकलाय — "मागला तर देवाचा ना. दारात आला त्याला नाय कसा बोलाचा?" द्यायचाच, म्हणालात, आणि आम्ही हसलो. वाईट मनानं नव्हतो हो हसलो! मला तर इतकं गोड वाटलं ते, मी म्हटलं, हेच पाहिजे, लोकांपर्यंत हेच गेलं पाहिजे, की बघा, भोळ्या माणसांना कसं फसवतात. पण निमेशनं त्या व्हिडिओला मागे ते हसण्याचे आवाज लावले. तुमचा चेहरा मोठा करून तीनदा दाखवला. आणि टाकला कुणी? आमच्या प्रकल्पाचं पेज माझ्या मोबाईलवर आहे. मी टाकला.

बेचाळीस हजार लोकांनी बघितला, मावशी. आमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा आला फिरत फिरत. माझे पप्पा कंपनीतून आले, म्हणाले, बघ गं, काय बाई आहे, आणि हसले. माझे पप्पा नांदेडकडचे, इथे आले तेव्हा त्यांच्या बोलण्याला लोक हसायचे, हे अजून सांगतात आम्हाला — आणि तेच हसले. मी म्हटलंच नाही की ही प्रियंकाची आई आहे. मग कॉलेजच्या गेटवर पोरं प्रियंकाला म्हणायला लागली, ए ओटीपी, दे ना, दारात आलोय. रोज. ती पहिले दोन दिवस खाली मान घालून गेली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आज का आलीस? माफी मागायला. म्हणजे माफी मागायला तर आलेच, पण — हे बघा, खोटं कशाला बोलू, प्रियंकानं आमच्या प्रकल्पाच्या सरांना फोन करून सांगितलं की माझ्या आईला कागद वाचून दाखवलाच नव्हता. तो कागद म्हणजे संमतीपत्र, त्या दिवशी तुमचा अंगठा घेतला ना, तो. आमच्या अख्ख्या प्रकल्पात सरांनी एकाच गोष्टीसाठी पाठ थोपटली होती, की बाकीचे नुसतेच व्हिडिओ काढतात, तुम्ही रीतसर परवानगी घेतलीत. आता सर म्हणतात, सोमवारी नवीन संमतीपत्र आणा, नीट वाचून, समजावून घेतलेलं, नाहीतर तिघांनाही शून्य. तिघांना म्हणजे प्रियंकालाही. म्हणून म्हटलं — तिच्यासाठीच की हो!

वाचून दाखवला नव्हता, हे खरंय. घाई होती. निमेश म्हणाला, अंगठा घे आणि चल. आणि तुम्ही विचारलंत, "रेशनचा हाय का?" आठवतं ना? तेव्हा निमेशच म्हणाला, हो — नाही. निमेश नाही. मी म्हणाले. हो मावशी, तसंच आहे, म्हणाले. तोंडातून गेलं. तुम्ही नखाला शाई लागली तरी हसत होतात. नंतर प्रियंकाला तुम्ही सांगितलंत म्हणे, रेशनचा काम झाला, मॅडम आली होती. मला मॅडम म्हणालात. हे मी कुणाला सांगितलं नाहीये. सरांना नाही, निमेशलाही कळलं नव्हतं, तो बुटाची नाडी बांधत होता.

ही गाठोडी वीटभट्टीवर जायची ना? कधी निघताय? सोमवारी? आणि प्रियंका — तीपण? नाही हो, असं नका करू, चार महिने राहिलेत तिचे, विटा काय तिनं थापायच्या? प्रियंका! ऐकतेयस ना तू? काढलाय मी तो व्हिडिओ! म्हणजे… काढते. आता काढते. निमेश म्हणतो, आता काढला तर आकडे जातील, आमच्या अहवालाचं चौथं प्रकरण त्या आकड्यांवरच आहे, सोमवारी सरांना दाखवून झालं की काढू. आणि मी हो म्हटलं. काल रात्रीपर्यंत हो म्हटलं होतं. आज सकाळी निघतानासुद्धा किती झाले ते बघून निघाले. बघा, तुमच्यासमोर काढते. हे दाबलं. फिरतंय नुसतं… इथे रेंज का नाहीये? मघाशी तर मेसेज आला. त्या झाडाखाली येते का? थांबा, तिकडे जाऊन बघते — नाही, इथेही नाही. होईल. एक दांडी आली होती.

तोवर मी कागद वाचते. अख्खा वाचते या वेळी. 'मी, भागी जिवल्या' — पुढचं आडनाव प्रियंका सांगेल — 'मला या प्रकल्पाचा उद्देश समजावून सांगण्यात आला असून' — मावशी, हा भाग नीट ऐका, तुम्हाला नाही म्हणता येतं. पुढे लिहिलंय तसं. नको वाटलं तर सरळ नको म्हणायचं, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी —

हे काय करताय? ती शाईची डबी माझ्या पिशवीतली… मावशी, अजून वाचून झालं नाहीये. तुम्ही शाई का लावली? मी अंगठा मागितला नाही हो अजून. कोरा आहे तो कागद खालून, त्यावर काहीही लिहील कुणी! नाही म्हणा ना. मला म्हणा. प्रियंका, बाहेर ये, आईला सांग ना नाही म्हणायला — माझं नको ऐकू, पण ये —

मावशी, हात खाली घ्या. घ्या ना खाली.