मधातलं दार

दुर्पता: शाल, नारळ आन फोटो. रविवारी सभेतच. तुमी फक्त येऊन बसा, मामाजी.

बकाराम: शालीचं मंग पाहू. काठी काल केवळरामच्या दारात होती, आज योगराजच्या दारात हाये. मधातलं घर माहं हाये का नाई?

दुर्पता: हाये ना.

बकाराम: मंग काठी काय उडून गेली?

दुर्पता: मीच सांगतलं केवळरामले. तुमच्या मांडीत रॉड हाये. दिवसभर रान राखाचं, टेकडी चढाची… लोक मले म्हनतीन, सभेच्या अध्यक्षीनबाईले दयाच नाई.

बकाराम: दया आली तुले?

दुर्पता: रागावू नका जी. बत्तीस वर्स झाले रान राखता. ठेकेदाराच्या ट्रकसमोर आडवे झालात, दोनदा जेलात गेलात, गावाच्या नावानं जंगल लिहून आनलंत. आता बसून खा ना.

बकाराम: खातो बसून. पन दार काऊन चुकवलं? काठी कोनं सुरू केली?

दुर्पता: तुमीच. पाळी संपली का सांजेले शेजारच्या दाराशी उभी कराची. सकाळी ज्याच्या दारात दिसली, त्यानं रान राखाचं.

बकाराम: आन दुसरा नियम?

दुर्पता: ज्याचं दार काठीच्या पाळीत हाये, त्यालेच सभेत बोलाचा हक्क.

बकाराम: मंग रविवारी मी शाल पांघरून मुक्यावानी बसू का?

दुर्पता: तुमाले कोन चूप बसवते?

बकाराम: तूच बसवून राहिली. तुहा नवरा गेला तवा गावानं काय केलं होतं, आठवते?

दुर्पता: आठवते. सोनू दोन वर्साचा होता. सगळे म्हनत, एकटी बाई हाये, लेकरू लहान, तिचं दार सोडा. मलेबी बरंच वाटलं होतं.

बकाराम: आन मी काय केलं?

दुर्पता: पुढच्या घरची काठी उचलून माह्या दाराशी ठेवली. किती शिव्या देल्ल्या मी तुमाले.

बकाराम: ऐकू येत होत्या. माही बायको त हासून राहिली होती.

दुर्पता: लेकराले पाठीवर बांधून, रडत रडत गेली मी. आन त्याच दिवशी हिरवा साग तोडनारे दोघं सापडले. मी एकटीनं अडवले. मंग सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं.

बकाराम: ते अजून बंद नाई झालं.

दुर्पता: मामाजी… गावानं माह्यासंगं केलं, तेच मी तुमच्यासंगं केलं ना.

बकाराम: व्हय. लय वाईट वाटलं, दुर्पता. सकाळी दार उघडलं, त भिताडाशी काईच नाई. वाटलं, आपन मेलो का काय.

दुर्पता: पन टेकडी नाई चढवनार तुमच्यानं.

बकाराम: चढाले कोन जाते? रानातून येनाऱ्या पांदनीच्या तोंडावर मोहाच्या झाडाखाली बसतो. मोळी घेऊन सगळे तिथूनच येतेत. पाय मोडला, डोळे नाई मोडले.

दुर्पता: थांबा जरासे.

(ती शेजारी जाऊन काठी घेऊन येते.)

दुर्पता: योगराज निंघतच होता. त्याले म्हटलं, तुही पाळी उद्या.

बकाराम: आन इकडं. दे.

दुर्पता: हातात नाई देत. मले तरी तुमी कुठं हातात देल्ली होती? दाराशी ठेवली हाये. उचला.