धुक्यासाठी आणलेले वीस दिवे

मला भित्रा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण आधी ऐकून घ्या. बदलीवर कोलकात्याला आलो, त्या हिवाळ्यात न्यू टाउनमधल्या एका रस्त्याची दुरुस्ती माझ्याकडे होती. रस्ता कमरेइतका खोदलेला. पहाटे धुकं पडतं म्हणून खड्ड्याभोवती लावायला वीस लुकलुकणारे दिवे आले होते. पण आमचे स्टोअरकीपर मंडलदा संध्याकाळ झाली की ते सगळे उचलून कुलपात ठेवायचे.

मी म्हटलं, "अहो दादा, दिवे अंधारातच तर लागतात ना?"

"सर, मागच्या वर्षी चार चोरीला गेले. चौकशी माझ्यामागे लागली. या वर्षी जबाबदारीची सही तुम्ही करता?"

मी खिशातलं पेन काढलंच नाही.

तिसऱ्याच दिवशी पहाटे एक मास्तर सकाळच्या शाळेला निघाले, आणि धुक्यात स्कूटरसकट त्या खड्ड्यात गेले. जागीच संपले.

तासाभरात मोठ्या साहेबांचा फोन. पहिलाच प्रश्न, "दिवे सगळे जागेवर आहेत ना?"

"आहेत सर. स्टोअरमध्ये. वीसच्या वीस."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

आणि खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला.