आवाज न करता उघडलेली चौकट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ध्वनिमुद्रण केंद्राचे माननीय संचालक, संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे विक्रीप्रमुख साहेब, तंत्रविभागाचे साहेब, तिसऱ्या रांगेत बसलेले ज्येष्ठ व्हायोलिनवादक, ज्यांना आपण सगळे गुरुजी म्हणतो, माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी उभे राहून घड्याळाकडे बघणारे माझे मिस्टर. बघतच असणार, चोवीस वर्षांचा संसार आहे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सत्काराला उत्तर देताना सत्कारमूर्तीनं संकोचून जायचं असतं, म्हणे. मी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. मला राग आलेला आहे आणि रागात माझा आवाज खाली जातो, तेव्हा मागच्यांनी जरा कान द्यावा.

आधी मानपत्राबद्दल आभार. फार सुंदर वाचलं गेलं. त्यात एक वाक्य आहे की मी बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर माझा राग नाही. जन्मापासून न दिसणाऱ्या बाईच्या मानपत्रात हे वाक्य घालायला धाडस लागतं. माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनी मिळून ‘दृष्टी नसूनही’ हे शब्द नऊ वेळा वापरले. मी मोजले. दृष्टी नसूनही मी काय करत होते हे मात्र एकानंही सांगितलं नाही, म्हणून मीच सांगते.

मी संपादक आहे, ध्वनीची. कलावंत वाजवतो, आमचे ध्वनिमुद्रक, ज्यांना मी मुद्रकभाऊ म्हणते, ते पकडतात, आणि मग माझ्याकडे येतं. कुठला तुकडा ठेवायचा, कुठला गाळायचा, दोन तुकडे कुठे असे जोडायचे की तो सांधा खुद्द वाजवणाऱ्यालाही सापडू नये, हे माझं काम. उजव्या कानात संगीत, डाव्या कानात बडबड्या. बडबड्या म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो माझ्या कानात इतक्या वेगानं बोलतो की मुद्रकभाऊंना वाटलं होतं माझा हेडफोन बिघडलाय. माउसला मी हात लावत नाही. सगळं कीबोर्डवर. कापायला एक कळ, जोडायला एक कळ, आणि काम जतन केलं की ‘झालं’ असं सांगणारी एक चौकट यायची, ती बंद करायला एंटर. जतन, एंटर. जतन, एंटर. अकरा वर्षं माझ्या बोटांना ही सवय होती.

मग नवं व्हर्जन आलं. पाहुण्यांच्या कंपनीचं. दिसायला देखणं आहे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. शब्द काढून टाकले आणि चित्रं आणली. चित्र बडबड्याला वाचता येत नाही. त्याच्या मागे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एक नाव टाईप करून ठेवावं लागतं. ‘कापा.’ ‘जोडा.’ ‘पुसा.’ एकेक शब्द, बस. तेवढं केलं नाही की बडबड्या काय म्हणतो, ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच ऐका. भाऊ, माझा लॅपटॉप स्पीकरला जोडा बरं. वेग कमी केलाय, घाबरू नका.

ऐका. बटन. बटन. बटन. चित्र. बटन. बटन. बटन. बटन.

अध्यक्ष महोदय, यातल्या कुठल्या बटनानं मुद्रण सुरू होतं? सांगा ना. घाई नाही. विक्रीप्रमुख साहेब, तुम्ही सांगता? तुमच्याच घरचं आहे. नाही? बरं, यातलं एक बटन सगळं पुसतं. ते तरी सांगा, म्हणजे त्याला हात लावायला नको.

हसू नका. हसण्यासारखं आहे, मला कळतं, पण हसू नका.

मी गप्प बसले असं कुणी म्हणू नये. नवं व्हर्जन चाचणीसाठी आलं तेव्हाच, ते लावण्याआधी, मी कंपनीकडे तक्रार केली. अकरा मुद्दे लिहिले, मुद्रकभाऊंना विचारून कुठल्या बटनाला काय नाव हवं तेही लिहिलं, म्हणजे त्यांना विचार करायचेही कष्ट नकोत. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीचा अर्ज भरला. शेवटी तो अर्ज म्हणाला, आपण माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी सिग्नल असलेली चित्रं निवडा. न दिसणाऱ्यांच्या अडचणीची तक्रार, आणि ती पोचवायला चित्रं ओळखा! अखेर मिस्टरांना बोलावलं. ते भूगोल शिकवतात. त्यांनी एक दिव्याचा खांब सिग्नल समजून निवडला, मग पुन्हा नव्यानं सगळं. तिसऱ्यांदा तक्रार गेली. उत्तर आलं, ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.’ आणखी दोनदा लिहिलं. सूचना मोलाचीच राहिली. वाटाण्याच्या अक्षता लावायच्या, पण नम्रपणे, ही कला मी त्यांच्याकडून शिकले.

मग मी आपल्या तंत्रविभागात गेले. साहेब म्हणाले, “ताई, काळजी करू नका, मी स्वतः तपासतो.” आणि त्यांनी तपासलं, हे मी मान्य करते. बडबड्या सुरू केला, नवं व्हर्जन उघडलं, इकडेतिकडे फिरले, तो बोलतोय हे ऐकलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘दृष्टिहीन कर्मचाऱ्यासाठी योग्य.’ पडदा मात्र त्यांनी चालूच ठेवला होता. बडबड्या म्हणाला ‘बटन’, साहेबांनी बघितलं, तिथे कात्रीचं चित्र होतं, म्हणजे कापायचं बटन. पुढचं ‘बटन’, तिथे कचऱ्याचा डबा. सगळं अगदी स्पष्ट! साहेब, खाली बघू नका. तुम्ही खाली बघताय हे मला शेजारून कळवलं गेलंय. चौकशीत तुम्ही हे खरं खरं सांगितलंत, त्याबद्दल मला तुमचा आदर आहे. पण ज्यांनी ते ऐकून घेतलं, त्यांनी त्याचं काय केलं?

आता गुरुजींबद्दल. त्यांची परवानगी घेऊन बोलते.

गुरुजींच्या बोटांना कंप आहे, हे आपण जाणता. आयुष्यभर त्यांनी स्वतः बांधलेली एक रचना वाजवली आणि कधी कागदावर उतरवली नाही. डॉक्टरांनी नवं औषध दिलं, हात जरा स्थिर झाला, तेव्हा ते स्वतः म्हणाले, आता नाही तर कधी नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस ते आपल्या मोठ्या खोलीत बसले. एकोणीस वेळा वाजवलं. चौदाव्या वेळी हात थरथरला नाही. एकदाही नाही. ते मुद्रण मुद्रकभाऊंनी ऐकलं आणि मी ऐकलं. आणखी कुणी ऐकलं नाही आणि आता कुणी ऐकणार नाही.

बुधवारी दुपारी चार वाजता एकोणीस तुकडे माझ्यासमोर होते, नव्या व्हर्जनवरचं माझं पहिलंच काम. एकही तुकडा मी अजून जागेवर लावला नव्हता, नुसती ऐकून टिपणं करत होते. काम जतन केलं. त्या क्षणी नव्या व्हर्जननं एक चौकट उघडली आणि विचारलं, न वापरलेले तुकडे कायमचे काढून टाकायचे का? ‘होय’ आधीच निवडून ठेवलेलं, हे मला नंतर कळलं. ही चौकट बडबड्याला दिसत नाही. तो चकार शब्द बोलला नाही. मी एंटर दाबला. अकरा वर्षांच्या सवयीनं, ‘झालं’ची चौकट बंद करायला.

एकोणीसच्या एकोणीस तुकडे गेले. कामाची नक्कल, म्हणजे बॅकअप, शनिवारी घेतली जाते. आणि गुरुवारी सकाळीच गुरुजींच्या हातात पुन्हा कंप आला होता.

पाच जणांची चौकशी समिती बसली. दोन आठवडे चालली. मला विचारलं, तुम्ही थकला होता का? घरी काही ताण आहे का? खोलीत दुसरं कुणी होतं का? आणि अहवाल लिहिला. तो मला कुणी वाचून दाखवणार नव्हतं, पण बडबड्यानं वाचला. ‘कर्मचाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे घडलेली मानवी चूक.’ त्याच्याखाली दुसरी ओळ. ‘यापुढे संपादन कक्षात दृष्टिहीन व्यक्तीची नेमणूक करू नये.’

सगळं खापर माझ्या डोळ्यांवर फोडून सगळे मोकळे झाले! कंपनी मोकळी, तंत्रविभाग मोकळा, केंद्र मोकळं. माझे डोळे बावीस वर्षं असेच होते हो. बदललं काय होतं त्या बुधवारी? हा साधा प्रश्न पाच शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडू नये?

एका माणसाला पडला. अहवाल आल्यानंतर गुरुजी माझ्या घरी आले. मी दार उघडलं आणि आवाज ओळखला. ज्याचं सर्वस्व माझ्या बोटानं गेलं तो माणूस दारात उभा. मी रडत म्हणाले, “गुरुजी, मला शिव्या द्या.”

ते म्हणाले, “शिव्या नंतर देतो. आधी सांग, ती चौकट उघडली तेव्हा आवाज आला होता का?”

“नाही, गुरुजी.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मग तुला कसं कळणार गं, पोरी?”

बस. एवढंच. मिस्टरांनी चहा केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून प्यायला. बशीवर कप वाजत होता. तो आवाज ऐकल्यावर ठरवलं की आज मी संकोचणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे ‘स्वेच्छानिवृत्तीचे पत्र सुपूर्द करणे’ असा भाग आहे. छायाचित्रकारही आलेत. अध्यक्ष महोदय, पत्राचा मसुदा आपल्याच कार्यालयानं तयार करून दिला. भाषा चांगली आहे. त्यात स्वेच्छा कुणाची हे तेवढं चुकलंय. मी त्यावर सही केलेली नाही आणि करणार नाही.

माझी नोकरी चार वर्षांची उरली आहे. ती गेली तर मिस्टरांच्या पगारात आम्ही दोघं जगू. पण अहवालातली ती दुसरी ओळ राहिली तर माझ्या खोलीचं दार मी माझ्या मागे बंद करून जाते. उद्या माझ्यासारखं कुणी कान घेऊन इथे आलं तर त्याला तुम्ही तो कागद दाखवाल आणि म्हणाल, एक बाई होती, तिच्यामुळे. माझ्या नावानं ते दार बंद होऊ देणार नाही. दोन्ही ओळी काढा. त्या जागी लिहा, सॉफ्टवेअर बोललं नाही. आणि पाहुणे, तुम्ही जाताना माझे अकरा मुद्दे घेऊन जा. छापून आणलेत. मोठ्या अक्षरात.

मला दहा मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. इतकं बोलूनही कुणी माईक बंद केला नाही, त्याबद्दल ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांचे आभार. गुरुजी, तुम्ही जिना चढून आलात, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. पुष्पगुच्छ फार सुवासिक आहे, तो मी घरी नेते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पदरात घ्या, त्याची मी मनापासून माफी मागते.

ती कळ दाबल्याची माफी मात्र मी मागणार नाही. सोमवारी दहा वाजता मी माझ्या खोलीत असेन.