आप्पांची दुपारची मालिका

आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हे कुणाला सांगायचं नाही असं बजावलंय, तरी सांगते. पूर्वी टीव्हीवर पुरुषावर प्रेम करणारा पुरुष फक्त कंबर हलवून हसवायला यायचा. आप्पा आणि समोरचे रशीदचाचा त्याची नक्कलही करायचे. आताच्या मालिकेत तसा मुलगा साधा शिक्षक आहे. पहिल्या दिवशी आप्पांनी चॅनल बदललं. मग आई टोमॅटो तोडायला गेली की दुपारी गुपचूप बघायला लागले.

परवा तो मुलगा वडिलांना सगळं सांगणार, तेवढ्यात आमच्या बाजूची लाइट गेली. आप्पा मला घेऊन थेट रस्त्यापलीकडे, चाचांकडे. चाचांनी घाईने रिमोट उचलला.

"बाजारभाव बघत व्हतो."

"मीबी त्येच बघाय आलो. ऱ्हाऊ दे, बदलू नको."

पडद्यावर बापाने मुलाला बाहेर काढून दार लावलं. आप्पा ताडकन उभे राहिले. "दार उघड की! पोरगंच हाय ना तुझं?"

चाचा डोळे पुसत म्हणाले, "आरं बस. उद्या उघडतोय त्यो. मी मोबाइलवर आधीच बघितलंय."

त्यावर आप्पा इतके चिडले, की त्यांनी चाचांच्या हातातला... आले आप्पा, आले! काही नाही आप्पा, अभ्यासच करतेय...